पंचमीपर्यंत

१४ जुलै १९९४, गुरुवार. वांकिडी

ही डायरी पोस्टमास्तर वामनरावांनी जानेवारीत दिली होती. खताच्या कंपनीची आहे, प्रत्येक पानाखाली कपाशीचं बोंड छापलेलं. सहा महिने कोरी पडून होती. आज लिहायला घेतली, कारण आज जे मनात आलं ते कुणाजवळ बोलले तर संध्याकाळपर्यंत सगळ्या बसस्टँडावर होईल.

दादाजी आला.

खानावळीतली दुपारची गर्दी ओसरली होती. कामाची भागाबाई परात घासत होती, मी ताकाचं मडकं झाकत होते. दारात एक वाळका माणूस उभा, हातात प्लास्टिकची पिशवी, डोकं अर्धं पिकलेलं. मी म्हटलं, जेवण संपलं. तो म्हणाला, "अक्का, मी व्हय."

"मी कोन?" मी विचारलं. ओळखलं होतं. तरी विचारलं.

माझा पाठचा, एकुलता एक भाऊ. बोटीवर भांडी घासायला म्हणून गेला, बँकॉकला उतरला, तिथे एका पंजाब्याच्या हॉटेलात आचारी झाला. एवढं त्याच्या पत्रांतून कळलं आणि मग पत्रंच बंद झाली. आई पंच्याऐंशी साली गेली. बाजेवर पडल्या पडल्या दाराकडे बघायची. मी पत्रं टाकली, वामनरावांच्या आधीच्या मास्तरांकडून पंजाब्याच्या पत्त्यावर तार करवली. उत्तर नाही. आईच्या तोंडात पाणी मी घातलं, अग्नी चुलतभावानं दिला. आणि आता हा उभा, जणू बाजारातून परत आलाय.

बाहेरच्या बाकड्यावर बसवला. आत ये म्हटलं नाही. पाणी भागाबाईनं दिलं. मी दिलं नसतं.

१५ जुलै

सकाळी सांगितलं, आदिलाबादची गाडी दहाला आहे. तो उठून पिशवी आवरायला लागला. मध्येच भागाबाई बोलली. तिला कुणी विचारलं होतं?

"पंचमी तोंडावर आली अन् भावाले दारातून हाकलता? मंग गावात तोंड कसं दाखवान?"

गावाचं नाव काढलं की मी अडकते. नवरा गेल्यावर ही खानावळ मी एकटीनं उभी केली, आणि एकट्या बाईला गावाचं तोंड सांभाळावंच लागतं. म्हणून मग सांगून टाकलं: मागच्या धान्याच्या कोठीत झोपायचं. पंचमी झाली की पहिल्या गाडीनं निघायचं. माझ्या चुलीला हात लावायचा नाही. आणि तुझ्या हातचं मी खाणार नाही, मेले तरी खाणार नाही.

"बरं अक्का," म्हणाला. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

१९ जुलै

ह्या माणसाची एकेक तऱ्हा. जेवायला बसला की डावा हात ताटाभोवती घालतो, जणू कुणी ओढून नेणार आहे. चार घासांत ताट साफ. चव कशी होती विचारावं तर तोंडात काही उरलेलं नसतं. बसतो तोही दाराकडे तोंड करून. कोठीचं दार रात्री उघडं टाकून झोपतो. मांजर शिरतं, गव्हाच्या पोत्याशी लोळतं. मी ओरडले, तर म्हणाला, "दार लोटलं का मले झोप लागत नाई." मोठा साहेब लागून गेलाय, वारा लागतो त्याला.

वामनराव रोज रात्री आमच्याकडेच जेवतात, त्यांनी विचारलं, तिकडे काय करत होता म्हणून. सुरुवातीला पंजाब्याकडे होता. मग म्हणे एका मोठ्या सरकारी जागेत होता, तिथे दोन-तीनशे माणसांचं जेवण रांधायचा. बाहेर सोडत नसत.

"सरकारी नोकरी लागली अन् मायले तार कराले सवड भेटली नाई," मी म्हटलं.

तो खाली बघून हसला. हसला! वामनरावांनी हातातला घास ताटात ठेवला आणि उगाच पाणी प्यायले. त्यांनाही त्याचा निर्लज्जपणा सहन झाला नसावा.

२३ जुलै, शनिवार

माझ्या फ्रिजवर हल्ला.

मागच्या उन्हाळ्यात चंद्रपूरच्या एका व्यापाऱ्याकडून जुना फ्रिज घेतला. दह्यासाठी, आणि तहसीलचे साहेब आले की त्यांना बर्फ लागतो म्हणून. आज बर्फ काढायला वरचा कप्पा उघडला, तर आत ताटल्यांवर ओळीनं करंज्या. बोटभर, पांढऱ्या, दगडासारख्या कडक. एक हातातून पडली ती टणकन वाजली.

दादाजीला हाक मारली. तो म्हणतो, मैद्याच्या आहेत, आत पत्ताकोबी, गाजर आणि दाण्याचा कूट. भागाबाईच्या दुपारच्या वेळेत तिच्याच पोळपाटावर लाटल्या. बर्फात ठेवल्या की महिनाभर टिकतात, हव्या तेव्हा काढायच्या, सरळ उकळीत सोडायच्या.

"महिनाभर शिळं खाते का कोनी?"

"शिळं नाई होत अक्का. बर्फात येळ थांबते."

असलं बोलणं. बर्फात वेळ थांबते म्हणे. मी म्हटलं, मी सांगितलं होतं माझ्या चुलीला हात लावायचा नाही.

"चुलीले कुठं लावला? पोळपाटाले लावला."

भागाबाई पदर तोंडावर धरून हसत होती. तिच्या पगाराचा दिवस जवळ आलाय हे ती विसरली. करंज्या फेकून देणार होते, पण अन्न फेकलं की आई म्हणायची ते आठवलं. राहू दे. पंचमीनंतर कप्पा धुऊन घेईन.

२७ जुलै

भागाबाईला ताप. तिला डॉक्टरकडे दाखवून परत येईपर्यंत अंधार झाला. वाटेत विचार करत होते, जेवणारे मास्तर आणि बँकेचे लोक ताटकळले असतील, आज भाकरीचं काय करायचं. आत शिरले तर सगळे जेवत होते. कुणी मान वर करेना.

मागच्या पडवीत दादाजी स्टोसमोर बसलेला. एकच पातेलं. मी दारातच उभी राहिले. ओरडायचं होतं, पण शेवटची खेप चालली होती आणि मला बघायचं होतं हा माझ्या पातेल्याचं काय करतो. तेलात ठेचलेलं आलं आणि लाल मिरची. मागच्या परड्यातल्या माझ्या गवती चहाची पात गाठ मारून टाकली. चहात टाकायची वस्तू कालवणात! त्यावर नारळाचं दूध, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, मूठभर दाण्याचा कूट. उकळी आली तशा बर्फातल्या करंज्या टणटणत आत सोडल्या, झाकण घातलं. झाकण काढलं तर सगळ्या वर तरंगत होत्या. पाव तासाचंही काम नव्हतं.

पाव तासात होतं ते जेवण नव्हे, ती घाई. मी पहाटे उठून डाळ टाकते ती काय मूर्ख म्हणून?

"हे थाई लोकाचं हाय," त्यानं जेवणाऱ्यांना सांगितलं. "पन आपल्या वरणफळाचा चुलतभाऊच समजा."

वामनराव दुसऱ्यांदा वाढून घेत होते. वर्षानुवर्षं माझ्याकडे जेवतात, माझ्या डाळीला त्यांनी कधी दुसऱ्यांदा हात पुढे केला नाही. मला बघून म्हणाले, "मथुराबाई, तुमीबी घ्या थोडं, गरम आहे तोवर."

मी ताक-भात खाल्ला. वास मात्र घरभर, रात्री गादीवरही तोच. खिडकी उघडी ठेवून झोपायला लागलं.

दादाजीला सांगितलं, चुलीला हात लावू नको म्हणजे स्टोलाही नाही. आता नीट समजलं का. म्हणाला, समजलं.

४ ऑगस्ट

आज जे झालं ते लिहिते, कारण लोक उद्या उलटसुलट सांगतील.

दुपारी दादाजी कोठीत झोपला होता. मला तेल आणायला बाजारात जायचं होतं. दार उघडं, पोत्यावर मांजर चढलेलं. मांजराला हुसकलं आणि जाताना बाहेरून कडी घातली. रोजची सवय आहे. त्यात काय एवढं? तास-दीड तासाचा प्रश्न.

येते तो बसस्टँडावरची माणसं माझ्या परड्याच्या कुंपणाशी गोळा झालेली. कोठीच्या दाराची कडी कोयंड्यासकट उपटलेली, लाकडाच्या ढलप्या पडलेल्या. आणि दादाजी परड्याच्या मधोमध, भर पावसात, उकिडवा बसलेला. दोन्ही हात डोक्याच्या मागे धरून. भागाबाई सांगत होती, आधी हाका मारल्या, मग कुठल्या तरी परक्या भाषेत ओरडत होता, आणि ती धावत मागे येईपर्यंत दारच तोडलं.

मी म्हटलं, पोरासारखं काय हे, लोक बघतात.

"अक्का," तो म्हणाला, "काई बी कर. उपाशी ठेव, मार. बाहेरून कडी नको लावू."

पन्नाशीला टेकलेला माणूस आणि कडीला भितो! मी लोकांना हाकललं, त्याला आत घेतलं. टॉवेल दिला. तो दिला म्हणून मी विरघळले असं कुणी समजू नये. ओला माणूस गव्हाजवळ बसला तर गव्हाला कीड लागते.

वर सांगितलं, माझं दार तोडलंस, तूच नीट करून द्यायचं.

६ ऑगस्ट

दार नीट केलं त्यानं. नवी कडी, नवे स्क्रू, काल आणून स्वतःच बसवली. बाहेरूनच, जशी होती तशीच. काम चांगलं करतो हे मान्य करायला हवं. कडी बसवून झाल्यावर तिच्याकडे बराच वेळ बघत होता. मला वाटलं काही तिरकं बोलेल, पण उठला आणि बाकड्यावर जाऊन बसला.

तेव्हापासून कोठीत झोपत नाही. पडवीत घोंगडी टाकतो. डास खातात. खाऊ देत.

१० ऑगस्ट, बुधवार. नागचवथ

आज भावाचा उपास. दरसाल करते. भागाबाईनं हे त्याला सांगून टाकलं. "तुमी नवता तवाबी धरतच होत्या, एक साल सुटलं नाई," असं. मी तिला चांगलंच सुनावलं. उपास एकदा धरला की सोडायचा कसा ते मला कुणी सांगितलं नाही, म्हणून धरते. भावाच्या आयुष्यासाठी म्हणतात, पण मी कधी तसं मनात आणत नाही. सवय आहे, बस्स.

ऐकून तो उठून परड्यात गेला. थोड्या वेळानं बघते तर माझा गवती चहाचा अख्खा ठोंब मुळासकट उपटून धुऊन ठेवलेला. बाजूला खणलेलं आलं. नारळ फोडून, वाटून, दूध काढून स्टीलच्या डब्यात भरलेलं. दाणे कुटून झालेले, मिरच्या ठेचून झालेल्या. आणि फ्रिजच्या कप्प्यात आणखी करंज्या, इतक्या की झाकण लागेना.

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. उद्या पंचमी. उद्या कुठल्याही घरात तवा चढत नाही, कढई चढत नाही, काही चिरायचं नाही, कापायचं नाही, खणायचं नाही. मी दरसाल फक्त दिंडं उकडते, थोडा भात टाकते आणि खानावळ अर्धी बंद ठेवते. हा उद्या बसस्टँडावर स्टो मांडणार. बहिणीचा तवा थंड पाहून भाऊ धंदा करणार. जायच्या आधी माझी गिऱ्हाइकं फोडून जाणार.

तोंडावरच विचारलं, हे सगळं आजच कशासाठी?

"उद्या उपटता येत नाई ना अक्का. खनता येत नाई, चिरता येत नाई. मायनं सांगितलेलं ध्यानात हाय."

"कोनासाठी चाललं हे?"

तो चिंच भिजत घालायला गेला. चोराच्या मनात चांदणं ते असं. मी ठोंबाची पाती मोजून नाही ठेवली, पण परड्याचा तो कोपरा इतका बोडका झालाय की बघवत नाही. लावला होता तो आईनं दिलेला फुटवा होता.

संध्याकाळपासून पाऊस कोसळतोय. लाईट गेली.

११ ऑगस्ट, गुरुवार. नागपंचमी

पहाटे वारुळाला दूध-लाह्या नेता आल्या नाहीत, पायवाटेला गुडघाभर पाणी. पाटावर हळदीनं नाग काढून पूजा केली. दिंडं उकडली, पूजेपुरती आणि घरापुरती. लाईट अजून नव्हती. फ्रिजखाली पाण्याचं थारोळं. वरचा कप्पा उघडला, करंज्या मऊ पडायला लागल्या होत्या. मनात म्हटलं, गेला तुझा धंदा.

दादाजीही बघून गेला. एवढंच म्हणाला, "आजच कराव्या लागतीन."

अकराच्या सुमारास चंद्रपूरहून आसिफाबादला जाणारी गाडी आली आणि थांबली ती थांबलीच. पुढे नाल्याच्या पुलावरून पाणी. मागचाही रस्ता बंद झाला म्हणाले. वीसेक माणसं भिजत माझ्या छपराखाली आली. पंचमीची सगळी दुकानं बंद. चहाच्या टपऱ्यासुद्धा बंद. दुपार टळत गेली तशी एकेक जण आत डोकावायला लागला. एक म्हातारी म्हणाली, "बाई, ताक असलं तरी दे. सकाळपासून पोटात काई नाई."

ताक होतं ते सगळ्यांना वाटलं, पुरलं नाही. दिंडं दिली, एकेकाला एकही आली नाही. भात टाकता आला असता, पण भातावर काय घालायचं? हरभऱ्याची डाळ पुरणात गेली होती, तुरीचा डबा तळाला. भाज्या होत्या, टोपलीभर वांगी, दुधी. आज विळी हातात घ्यायची नाही. एकटी असते तर कदाचित घेतलीही असती. पण दाराशी सगळा गाव. आणि खरं सांगायचं तर दाराशी कुणी नसतं तरी घेतली नसती.

दादाजी पडवीच्या खांबाला टेकून उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मला विचारायचं नव्हतं. मला ह्या जन्मात त्याच्याकडे काही मागायचं नव्हतं.

"तुह्या त्या करंज्या," मी म्हटलं. "इकाच्या असतीन तर ईक ह्यांना. भुकेले हायत लोक."

"इकाच्या नवत्या," तो म्हणाला. "तुह्या उपासाच्या दुसऱ्या दिवसासाठी होत्या. कापल्याबिगर, तळल्याबिगर होते हे सारं. मनलं, आज तरी खाशीन. पन तू सांगशीन तसं."

आत जाऊन माझं सगळ्यात मोठं पातेलं काढलं, लग्नाच्या पंगतीला देते ते, आणि त्याच्यासमोर ठेवलं. मग माझ्याच चुलीत माझ्याच हातानं लाकडं सरकवली. एवढ्या माणसांचं स्टोवर कसं होणार होतं?

आज तेल नाही, फोडणी नाही. नारळाचं दूध, कोळ, ठेचा, गूळ सगळं एकदमच पाण्यात. गवती चहाची पाती त्यानं हातानं पिळून तोडली. दुधी पाहिला आणि नको म्हणून बाजूला सारला. लिंबाची पानं घेतली, जी वाऱ्यानं आपोआप पडली होती तीच वेचून. हात इतके झरझर चालत होते की मी बघत राहिले. विळीविना काम करताना आम्ही बायका दर पंचमीला चाचपडतो. हा चाचपडत नव्हता.

"हे कोठं शिकला?" मी विचारलं.

"तिथंच. दोन-तीनशे मानसाचं करत होतो ना. चाकू देत नवते हाती. सारं हातानंच तोडाचं."

"चाकू काऊन देत नवते?"

"नियम होता."

कसला नियम? कुठल्या खानावळीत आचाऱ्याच्या हाती चाकू देत नाहीत? मी तसं म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात वाऱ्यानं कोठीचं दार धाडकन आपटलं, आणि तो होता तिथेच थिजला, पळी हवेत. दार पुन्हा उघडेपर्यंत हलला नाही.

मग मी विचारलं, "कोन्त्या साली होता तिथं?"

"चौऱ्यांशीच्या दिवाळीपासून. शहाऐंशीलोग. कागद नवते माह्याजवळ, अक्का. मुदत सरून गेली होती."

आई पंच्याऐंशीच्या चैत्रात गेली.

चुलीत धूर झाला होता, फुंकणी घेऊन बसले.

वीस माणसं जेवली. म्हातारी म्हणाली, आमच्या इकडे वरणफळं करतात तशीच आहेत, पण ह्यात काही तरी परमुलखाचं आहे. वामनराव सुटी असून आले, ओले होऊन आले, वाढायला उभे राहिले. भागाबाईनं मुलासाठी वाटीभर नेलं. दादाजीनं सगळ्यांना वाढलं. मग पातेल्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं. काही उरलं नव्हतं. त्यानं हात धुतले आणि बाकड्यावर दाराकडे तोंड करून बसला.

पातेलं घासायला टाकण्याआधी मीठ बरोबर होतं का बघायला तळाचं जरासं बोटावर घेतलं. मग रस्सा चिकटला होता तो खरवडायलाच लागतो, नाहीतर घासताना त्रास. अर्धी करंजीही निघाली एक, फाटलेली. ती कुठे टाकणार?

मीठ बरोबर होतं.

१२ ऑगस्ट

पाणी उतरलं नाही. लाईट आली. मी दिवसभर चिडचिड केली, भागाबाईवर, बँकेच्या लोकांवर, मांजरावर. दादाजीला एक शब्द बोलले नाही. काय बोलायचं? त्यानं नीट सांगायला हवं होतं. आल्या दिवशी, दारातच, सगळं. तोंडाला कुलूप लावून बसायचं आणि बहिणीला नऊ वर्षं जळत ठेवायचं, ही कसली रीत? एक पत्र. सुटल्यावर तरी एक पत्र. भागाबाईमार्फत विचारलं, तर म्हणाला, सुटून कलकत्त्याला उतरला तेव्हा आपल्याकडच्या कुणी तरी सांगितलं आई गेल्याचं. मग यायला तोंड राहिलं नाही. तेव्हापासून परक्या गावांत हॉटेलातनं रांधत फिरला.

मला त्याचा राग येतो. आता कशाचा येतो तेवढं नीट सांगता येत नाही, पण येतो.

मी टाकलेली तार त्या पंजाब्याच्या टेबलावर पडून राहिली असेल.

१४ ऑगस्ट, रविवार

आज गाड्या सुरू झाल्या.

सकाळी चुलीजवळ होते. तो आला, अंघोळ केलेला, तीच प्लास्टिकची पिशवी हातात. "जातो अक्का. पंचमी झाली."

मी भाकरी थापत राहिले. पहिली उलटली, दुसरी टाकली. बाहेर आदिलाबादच्या गाडीचा हॉर्न वाजला. त्यानं वाकून नमस्कार केला, पायाला हात लावायला धजला नाही, जमिनीला लावला.

"अन् गवती चाय?" मी म्हटलं.

"काय?"

"मायनं देल्ला होता तो फुटवा. सारा ठोंब उपटला तू. परडं बोडकं करून चालला. कोन लावन तो?"

"मुळं ठेवली हायत पान्यात," तो म्हणाला. "लावून जातो."

"लावला म्हंजे झालं? धरला पायजे. पानी कोन टाकन, गवत कोन काढन? मले कोठं येळ हाय? लोकाच्या घरचं उपटाचं अन् गाडीत बसाचं, ही तुही जुनीच सवय."

गाडीचा हॉर्न पुन्हा वाजला. भागाबाई परातीवर हात ठेवून बसली होती.

"किती दिस लागन धराले?" त्यानं विचारलं.

"मले काय मालूम," मी म्हटलं. "फुडच्या पंचमीपावतर थांब. मंग जा कोठं जाचं ते."

तो उभाच राहिला. मग पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि खुरपं घेऊन परड्यात गेला. गाडी गेली. तव्यावरची भाकरी करपली होती, ती मी माझ्याच ताटात वाढून घेतली. त्याला चांगली दिली. करपलेली दिली असती तर भागाबाई दिवसभर बोलली असती.

दुपारी पेचकस मागून आणला आणि कोठीच्या दाराची बाहेरची कडी काढून टाकली. मांजर शिरेल, शिरू दे. भागाबाईनं विचारलं, काऊन काढली? गंजली होती म्हटलं. गेल्याच आठवड्यात दादाजीनं बसवलेली, कडी नवीच होती.